परलोक-कल्पना आणि नैतिक न्याय : तीन प्राचीन ग्रंथांच्या आधारे

प्रस्तावना : पापाचे भय व पुण्याचे आमिष दाखवून समाजाला नीतिमार्गावर ठेवण्यासाठीच परलोकाची कल्पना निर्माण झाली, असे विधान वारंवार केले जाते. प्राचीन ग्रंथ मात्र त्यास पूर्णतः दुजोरा देत नाहीत.

विवेचन : मेसोपोटेमियातील ‘गिल्गमेश’ महाकाव्याच्या 12 व्या मृत्पट्टिकेत एन्किडूचा प्रेतात्मा पाताळाचे वर्णन करतो. तेथे एका पुत्राचा पिता रडतो, तर सात पुत्रांचा पिता मानाने बसतो. ज्याला अन्नोदक देणारे कोणी नाही, तो उष्टे-खरकटे खातो. सदाचाराची येथे फारशी विचारणा नाही. पिंडदानाची परंपरा जाणणाऱ्यांना हा विचार परका वाटणार नाही.

इजिप्तच्या ‘मृतांच्या ग्रंथा’तील 125 व्या अध्यायात मृताचे हृदय सत्यदेवता मात हिच्या पिसाशी तोलले जाते. हा निवाडा नैतिकच आहे. परंतु हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, असा मंत्रही त्याच ग्रंथात आहे.

महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला दुर्योधन स्वर्गात व बंधू नरकात आढळतात. इंद्र पुढे खुलासा करतो. तत्पूर्वी युधिष्ठिर देवांची आणि धर्माचीही निंदा करून बंधूंजवळ नरकातच राहणे पसंत करतो.

निष्कर्ष : परलोक हा केवळ नीतीचा पहारेकरी नव्हे. जिवंतांचे मृतांविषयीचे कर्तव्य, न्यायाची भीती आणि न्यायाविषयीची शंका या तिन्हींना त्यात स्थान आहे. ‘सर्व धर्मांचे सार एकच’ असे आधीच गृहीत धरून अध्यापन केल्यास नेमकी ही शंकाच विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही.