कोड होस्टिंग सेवेची निवड : तुलनेच्या तक्त्यात न दिसणारा निकष

प्रस्तावना

प्रकल्पासाठी कोड होस्टिंग सेवा निवडताना तुमचा गट बहुधा एक तक्ता बनवतो. एका बाजूला गिटहब, गिटलॅब, बिटबकेट. दुसऱ्या बाजूला किंमत, खासगी रिपॉझिटरी, सदस्यसंख्येची मर्यादा. तक्ता उपयुक्त आहे, पण निर्णय त्याच्यावरच सोपवणे धोक्याचे आहे, कारण त्यातील नोंदी लवकर शिळ्या होतात. गिटहबने जानेवारी २०१९ मध्ये मोफत खात्यांना अमर्याद खासगी रिपॉझिटरी दिल्या, पण प्रत्येकीत तीनच सहकाऱ्यांची अट घातली. एप्रिल २०२० मध्ये ती अटही गेली. म्हणून या पाठात आपण वेगळा प्रश्न विचारणार आहोत: उद्या ही सेवा सोडावी लागली, तर आपल्यासोबत काय येईल?

काय सोबत येते, काय मागे राहते

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली गिट ही वितरित प्रणाली आहे. रिपॉझिटरी क्लोन केली की कोडसोबत त्याचा इतिहासही तुमच्या संगणकावर येतो. गिटहब, गिटलॅब या गिटभोवती उभारलेल्या सेवा आहेत. इश्यू, पुल रिक्वेस्टवरील चर्चा आणि सदस्यांच्या परवानग्या त्या सेवेच्या डेटाबेसमध्ये राहतात. साध्या क्लोनमध्ये त्या येत नाहीत. स्वयंचलित चाचणीची फाइल रिपॉझिटरीत असते खरी, पण ती त्या सेवेच्या नियमांनुसार लिहिलेली असते. दुसरीकडे गेल्यावर ती नव्याने लिहावी लागते.

तीन उदाहरणे

पहिले, गूगल कोड. २००६ मध्ये सुरू झालेली ही सेवा बंद करण्याची घोषणा मार्च २०१५ मध्ये झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद पडली. मोठ्या कंपनीचे पाठबळ म्हणजे दीर्घायुष्य, हे गृहीतक येथे टिकत नाही.

दुसरे, बिटबकेट. २००८ मध्ये ही सेवा मर्क्युरिअल या प्रणालीसाठीच सुरू झाली होती. गिटची सोय तिथे २०११ मध्ये आली, आणि २०२० मध्ये मर्क्युरिअलचाच आधार काढून घेण्यात आला. सेवा चालू राहिली, पण तिचे सर्वांत जुने वापरकर्ते बाहेर पडले.

तिसरे, गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसमधील माहिती पुसली गेली. सुमारे सहा तासांच्या इश्यू, टिप्पण्या आणि मर्ज रिक्वेस्ट गेल्या. गिट रिपॉझिटरी मात्र शाबूत राहिल्या. वर केलेला भेद येथे प्रत्यक्ष दिसतो. कंपनीने कोणकोणते बॅकअप निकामी ठरले हे उघडपणे सांगितले, हेही नोंदवायला हवे.

सेवेवर कायदा आणि शासनाचे निर्णयही परिणाम करतात. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळे तात्पुरती रोखली गेली, त्यांत गिटहब होते.

स्वतःचा सर्व्हर हा उपाय आहे का?

गिटी किंवा गिटलॅबची मुक्त आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. पण अद्ययावत आवृत्ती कोण बसवणार, बॅकअप कोण तपासणार? सत्र संपताच पांगणाऱ्या गटासाठी हा पर्याय बहुधा अधिक असुरक्षित ठरतो. ज्या विभागात हे काम सांभाळणारी व्यक्ती कायम आहे, तिथेच तो योग्य.

निष्कर्ष

विद्यार्थी गटाने प्रचलित सेवा घ्यावी. सहकारी आणि मदत तिथे सहज मिळते. मात्र चार पथ्ये पाळावीत. रिपॉझिटरी एकाच्या वैयक्तिक खात्यावर न ठेवता गटाच्या खात्यावर ठेवा आणि किमान दोघांना पूर्ण अधिकार द्या. महत्त्वाच्या निर्णयांची कारणे रिपॉझिटरीतील मजकूर फाइलमध्ये लिहा. चाचणीच्या आज्ञा स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये ठेवा. सेवेच्या फाइलने फक्त ती स्क्रिप्ट चालवावी. दर आठवड्याला रिपॉझिटरीची पूर्ण प्रत दुसरीकडे घ्या.

स्वाध्याय

१. तुमच्या प्रकल्पाची रिपॉझिटरी नव्या संगणकावर क्लोन करा. इंटरनेट बंद करून, कोणता निर्णय का घेतला हे किती ठिकाणी समजते ते तपासा.
२. जे समजले नाही, त्याची यादी करा. त्यातील कोणती माहिती रिपॉझिटरीत आणता येईल?