दुग्धवाढीच्या हिशेबातील गोऱ्हा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. जोडधंदा म्हणून अधिक दूध देणाऱ्या जनावरांचे वाटप हा त्यातील एक घटक होता. कोरडवाहू शेतकऱ्यास या गाईंचा चारा-खुराक पेलणार नाही, अशी टीका पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी केली. ती रास्तच होती. मात्र एकूण चर्चा दुधाभोवतीच फिरली. त्या गाईला होणारा गोऱ्हा हिशेबाबाहेर राहिला.

संकरित गोऱ्ह्याविषयी दोन मते सर्रास आढळतात. होलस्टीनचे रक्त आले की वाढ जोमदार होणारच, हे एक. आणि ती झाली नाही तर ही जात येथे मानवत नाही, हे दुसरे. दोन्हींत संगोपनाचा विचार नाही. जात वाढीची मर्यादा ठरवते; त्या मर्यादेपर्यंत वासरू पोहोचेल की नाही, हे गोठा ठरवतो. होलस्टीनचे वासरू जन्मतः सुमारे ४० किलोचे असते. वजनाच्या एक-दशांश दूध या सर्वमान्य प्रमाणाने त्याला रोज चार लिटर दूध हवे. हे दूध डेअरीत गेले की पैसा मिळतो, गोऱ्ह्याच्या पोटात गेले की मिळत नाही. गावठी वासराची गरज मुळातच कमी असल्याने ते त्याच उपासमारीत तग धरते. यावरून त्याची वाढक्षमता अधिक ठरत नाही. कालवड व गोऱ्हा यांच्या वाट्याला येणारे दूधही एका गोठ्यात सारखे नसते. तेव्हा आहाराची नोंद न ठेवता केलेली वजनांची तुलना नेमके काय मोजते, हा प्रश्न उरतोच.

येथील पीकपद्धतीने हा प्रश्न अधिक बिकट केला आहे. ज्वारी हटली, कापूस व सोयाबीन आले. कडबा गेला आणि सोयाबीनचे कुटार उरले. पऱ्हाटी तर बहुधा चुलीसाठीच. सरकी व ढेप मुबलक, परंतु त्यांतील गॉसिपॉल हे द्रव्य कोठीपोट पुरते विकसित न झालेल्या लहान वासरास अपायकारक असते. म्हणजे जिल्ह्यात जे सहज मिळते, तेच पहिल्या काही महिन्यांत जपून द्यावे लागते. त्यात मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपासचे तापमान आणि पत्र्याचे छप्पर. अशा उन्हात होलस्टीन रक्ताचे जनावर खाणेच कमी करते.

२०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैल व वळूंनाही लागू झाली. नांगराला फारशी मागणी नसलेल्या संकरित गोऱ्ह्याची विक्री त्यामुळे आणखी अवघड झाली. लिंगनिश्चित वीर्यमात्रा हा त्यावरचा उपाय सांगितला जातो. त्याने गोऱ्हे कमी जन्मतील हे खरे, पण संगोपनाचा प्रश्न पुन्हा पैदाशीकडेच ढकलला जातो. शिवाय उद्याचा वळूही गोऱ्ह्यांतूनच निवडायचा असतो. पहिल्या सहा महिन्यांतील कुपोषणाने वळू उशिरा वयात येतो व त्याचे वृषणही लहान राहतात. अशा गोऱ्ह्याला निकृष्ट ठरवून खच्ची केले जाते, तेव्हा दोष त्याच्या बीजाचा की न मिळालेल्या दुधाचा, हे वजनाशेजारी आहाराचा रकाना नसलेल्या नोंदवहीतून कळू शकत नाही.