‘जोतिबा’ या विशेषनामाची घडण

कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर असलेल्या दैवतामुळे ‘जोतिबा’ हे नाव या भागात देवाप्रमाणेच माणसांचेही झाले आहे. महात्मा फुले (१८२७-१८९०) यांचे ‘जोतीराव’ हे नावही याच दैवतावरून ठेवले गेले, असे चरित्रकार सांगतात. छापील मजकुरात मात्र दोघांचीही नावे ‘ज्योतिबा’, ‘ज्योतिराव’ अशी लिहिण्याचा प्रघात पडला आहे. हे ‘शुद्धीकरण’ कितपत योग्य, याचा विचार व्हावयास हवा.

नामाच्या पूर्वपदाची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत ‘ज्योतिस्’ पासून दिली जाते. प्राकृतात या शब्दाचे रूप ‘जोइ’ असे होते. तेथे मधला तकार लोपतो. ‘जोति’मध्ये तकार टिकला आहे, पण आरंभीचे जोडाक्षर सुटले आहे. अर्थात हा शब्द शुद्ध तत्सम नव्हे आणि तद्भवही नव्हे. तो अर्धतत्सम होय. ‘ज्यो’ लिहिल्याने त्याच्या इतिहासातील हा टप्पाच पुसला जातो.

उत्तरपद ‘बा’ हे पितृवाचक व आदरार्थी असून विठोबा, खंडोबा, बिरोबा, तुकोबा या नामांतही तेच आहे. मात्र तेथे ‘बा’पूर्वी ओकार येतो, तर येथे मूळचा इकार टिकतो. ‘जोतीराव’मध्ये तोच इकार दीर्घ लिहिला जातो. दीर्घान्त शब्दातील उपान्त्य इकार मराठीत ऱ्हस्व लिहितात, म्हणून ‘जोतिबा’. पूर्वपद तत्सम नसल्यास सामासिक नामात त्याचा अंत्य इकार दीर्घ राहतो, म्हणून ‘जोतीराव’. हा भेद स्थानाचा आहे, शब्दाचा नव्हे.

विभक्तीतही हे नाम बोलके आहे. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. ‘जोतिबा’चे ‘जोतिबाला’च राहते. काका, मामा, आजोबा या नातेवाचक शब्दांचीही हीच रीत आहे. आकारान्त पुरुषनामे एरवीही बहुधा अविकारी असल्याने केवळ एवढ्यावरून ‘बा’चे पितृवाचकत्व सिद्ध होत नाही, पण त्यास पुष्टी मिळते. वचनाचा भेद त्याहून लक्षणीय आहे. भक्त देवाला एकवचनी संबोधून ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणतात. फुल्यांविषयी लिहिताना मात्र ‘जोतिबांनी’ असे आदरार्थी अनेकवचन येते. नाम एकच, पण एका अनुस्वाराने देव आणि मनुष्य वेगळे होतात.

फुल्यांच्या ग्रंथांवर ‘जोतीराव’ हेच रूप आढळते. ज्याने आपले नाव लोकांच्या उच्चाराप्रमाणे लिहिले, त्याचे नाव संस्कृताच्या धाकाने बदलणे हा व्याकरणाचा आग्रह नव्हे, व्याकरणाचा विसर होय.