रुई अडते तेव्हा

बल बरोबर दाब गुणिले क्षेत्रफळ. हायड्रॉलिक सिलिंडरचा सगळा जोर या एका ओळीत मावतो. आयटीआयची मुलं ती पाठ करतात, वर्कशॉपवाले कॅल्क्युलेटरवर मांडतात आणि उत्तर आलं की पुढच्या कामाला लागतात. मला मात्र चांगल्या अभंगाच्या चरणासारखी ही ओळ पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. तिची उदाहरणं शोधत लांब जायला नको. नागपूरहून इटारसीकडे निघालेल्या रेल्वेमार्गावर कळमेश्वर लागतं. भोवती संत्र्याच्या बागा आणि कपाशीची काळी रानं, एमआयडीसीत जेएसडब्ल्यूचा रंगीत पत्र्याचा कारखाना. या मुलखात ट्रॉली उलटायची असो, जेसीबीचं बकेट उचलायचं असो की रुईची गाठ बांधायची, प्रत्येक वेळी हीच ओळ कामाला येते.

आधी क्षेत्रफळ. 100 मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर घेऊ. पिस्टनचं तोंड 78.54 चौरस सेंटिमीटरचं. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला 160 किलो असेल, तर जोर 12,566 किलो, म्हणजे साडेबारा टन. आता बोअर दुप्पट करा, 200 मिलिमीटर. दाब तोच, पंप तोच, आणि जोर मात्र 50 टनांवर जातो. ओळीत व्यास कुठे दिसत नाही, तो क्षेत्रफळाच्या आत वर्ग होऊन बसलेला आहे. प्रेसचे रॅम, म्हणजे दाबणारे दांडे, एवढे जाड का असतात, याचं उत्तर त्या न दिसणाऱ्या वर्गात आहे. किंमत अर्थात मोजावी लागते. तेवढ्याच तेलात जाड रॅम चौपट सावकाश सरकतो, कारण जोर आणि वेग यांचा गुणाकार पंपाच्या ताकदीपलीकडे जात नाही.

परतीच्या वाटेवर हीच ओळ वेगळं बोलते. पिस्टनला जोडलेला रॉड 56 मिलिमीटरचा असेल, तर तो पिस्टनच्या एका तोंडाचे 24.63 चौरस सेंटिमीटर व्यापतो. उरलेल्या कड्यावर, 53.91 चौरस सेंटिमीटरवर, तेल दाबतं आणि 8,626 किलोची ओढ मिळते. ढकलताना साडेबारा टन, ओढताना साडेआठ. पण परत येतो तो जवळजवळ दीडपट वेगानं.

आणि माझी सर्वांत आवडती जागा पुढे आहे. पिस्टनच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडून द्या. दाब दोन्हीकडे सारखाच. वाटतं, आता पिस्टन जागचा हलणार नाही. तरीही रॉड बाहेर येतो आणि नेहमीच्या तिपटीहून अधिक वेगानं येतो! कारण दोन क्षेत्रफळांतला फरक शिल्लक राहतो आणि तो फरक म्हणजे नेमकं रॉडच्या छेदाचं क्षेत्रफळ. कड्याच्या बाजूचं तेल फेऱ्यात परत येऊन पुढे ढकलायला लागतं. जोर उरतो 3,941 किलो. जोर नको आणि झटपट पुढे जायचं आहे, अशा यंत्रांत ही युक्ती वापरतात. ओळीत एक अक्षरही न बदलता एवढा अर्थ निघतो, तेव्हा तिच्यामागचं तत्त्व मांडणाऱ्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

ते तत्त्व मांडणारे ब्लेझ पास्कल. त्यांचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1663 साली छापला गेला. लहान पिस्टन दाबणारा एक माणूस शंभरपट मोठ्या पिस्टनवरच्या शंभर माणसांना तोलून धरतो, हे त्यात स्पष्ट आहे. तरी जोसेफ ब्रामा यांच्या प्रेसचं पेटंट यायला 1795 उजाडलं. अडचण गळतीची होती. तिथे चामड्याची वाटीसारखी कडी बसवली गेली. तिचं श्रेय ब्रामांकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांना देतात. दाब वाढेल तशी ती रॅमला अधिकच घट्ट बिलगते, म्हणजे जो दाब गळती घडवतो, तोच ती थांबवतो. आजचं ऑइल सील त्याच वंशातलं.

आता दाब, आणि इथेच ही ओळ बहुतेक वेळा उलटी वाचली जाते. पंप दाब देतो, दाब जोर देतो, असं आपण समजतो. पंप फक्त तेल देतो. दाब उभा राहतो तो समोरचं काही अडतं तेव्हा. रुईची प्रेस बघावी. खोक्यात सैल रुई भरलेली, निम्म्याहून जास्त हवाच. रॅम निघतो तेव्हा गेजचा काटा जेमतेम हलतो, कारण रुई अजून विरोधच करत नाही. हवा निघत जाते, तंतू तंतूला भिडतात आणि शेवटच्या थोड्या इंचांत काटा सरसर चढतो. 170 किलोची गाठ त्या शेवटच्या टप्प्यात आकाराला येते. गेजवर आपण वाचतो ते पंपाचं मोठेपण नसतं, त्या क्षणी रुई किती अडते आहे याचा तो आकडा असतो. रिलीफ व्हॉल्व्हचं काम एवढंच की ही अडवणूक किती सोसायची याची सीमा राखायची. सीमेपलीकडे तेल टाकीत परततं.

ओळ काही गोष्टी बोलत नाही. सीलचं घर्षण जोराचा थोडा भाग खातं, म्हणून जाणता माणूस हिशेबातून दहा टक्के सोडून देतो. लांब, बारीक रॉड पूर्ण बाहेर असताना भाराखाली वाकू शकतो. त्याचं गणित वेगळं, गणितज्ञ ऑयलर यांचं.

दाब आणि क्षेत्रफळ दोन्ही एकाच वेळी बदलताना पाहायचे असतील, तर टिपरचा दुर्बिणीसारखा उलगडणारा सिलिंडर पाहावा. सर्वांत जाड टप्पा आधी निघतो, कारण त्याचं क्षेत्रफळ मोठं आणि म्हणून त्याला दाब सर्वांत कमी लागतो. नेमकं त्याच वेळी भरलेलं खोकं आडवं असतं आणि सगळा भार बिजागरीपासून सर्वांत दूर. खोकं उठत जातं, गिट्टी घसरते, भार हलका होतो, आणि मग बारीक टप्प्यांची पाळी येते. हा क्रम लावायला कुठला कारागीर किंवा व्हॉल्व्ह लागत नाही. ज्याला कमी दाब पुरतो तो आधी निघतो.