रॉक मशीन ते इंडस क्रीड : नाव बदललं, मग काय बदललं?

इथे चिंचवडला, कंपनीच्या वसाहतीत गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो. समजा, गायक म्हणाला, ‘आता माझं स्वतःचं गाणं’, तर निम्मी माणसं चहाला उठतात. हसू नका, मीही उठलोय!

मुंबईत १९८४ साली सुरू झालेल्या रॉक मशीनपुढे हाच पेच होता. मंच फक्त वेगळा. धोबी तलावच्या रंगभवनात कॉलेजची पोरं यायची ती परदेशी बँडची गाणी हुबेहूब ऐकायला. तिथे उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी स्वतःची गाणी लावून धरली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही पहिली ध्वनिफीत आली. धाडस मोठं, पण आवाज? प्रामाणिकपणे सांगतो, तो उसना वाटतो. अमेरिकन हार्ड रॉकचा साचा, आणि त्यात यांनी चांगला माल ओतलेला.

१९९३ मध्ये नाव बदललं, इंडस क्रीड. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक आहेच. मला महत्त्वाचं वाटतं ते आवाजाचं मोकळं होणं. भारतीय वाद्यं, वळणं आली. काही ठिकाणी ती वरून शिंपडलेल्या कोथिंबिरीसारखी वाटतात, हेही खरं. पण १९९५च्या अल्बममध्ये गाणं घाई करत नाही, गिटार दर वेळी पराक्रम गाजवत नाही.

आणि नेमकं तेव्हाच वाहिन्या हिंदी पॉपकडे वळल्या. १९९७ ला बँड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आल्म्स फॉर शांती’ काढला. इकडे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ पासून रंगभवनातले जलसेही बंद पडले.

२०१० मध्ये ते परत जमले. बेनेगल, तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. २०१२चा ‘इव्हॉल्व्ह’, म्हणजे मधे १७ वर्षं. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम. लांब, गुंतागुंतीची गाणी, कुणाची फर्माइश नाही. बास आणि ड्रम नुसता ठेका धरत नाहीत, गाण्याशी वाद घालतात. फक्त ऐकायला रंगभवनातली ती गर्दी उरली नव्हती. ती पोरं तोवर चाळिशीत पोचली होती, आणि पुन्हा जुनीच गाणी मागत होती.

चला, आता ‘इव्हॉल्व्ह’मधलं एक गाणं लावतो. चहा नंतर.