पारदर्शकता आणि रंग

इंदिरा संतांच्या कवितेस ‘पारदर्शक’ म्हणून मोकळे होण्याची रीत आम्हांस अपुरी वाटते. पारदर्शक म्हणजे रंगहीन नव्हे. तांबडी काच प्रकाशातील तांबडा अंश तेवढा जाऊ देते, उरलेला बहुतेक शोषून घेते. तरी पलीकडची आकृती रेखीवच दिसते. आकृती पुसते ती दुधी काच, कारण ती प्रकाश विखुरते. बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या या कवयित्रीच्या ‘शेला’ (१९५१) ते ‘रंगबावरी’ (१९६४) या संग्रहांवर १९४६च्या पतिवियोगाची छटा आहे. पण त्या छटेतून ऊन, पाऊस, माती अंधुक होत नाहीत. (‘मृगजळ’, १९५७, हे नावही प्रकाशाच्या वक्रीभवनाचेच!) वर्गात सरलार्थ सांगताना आम्ही शिक्षक नेमकी ही छटाच धुऊन टाकतो.