काळोखाचे चित्र

दिवाणखान्यात चित्र लावायचे ते उजळ, असा आपला रिवाज. गोव्याच्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझांनी तो मोडला. १९६५च्या सुमारास त्यांनी निव्वळ काळ्या रंगात माणसे नि वस्त्या रंगविल्या. १९६६ साली लंडनमध्ये त्या चित्रांचे प्रदर्शन भरले. रंगाचा जाड थर हीच तिथली रेषा. समोरून पाहावे तर सारा अंधार. उजेड तिरपा पडला की रात्रीच्या गावासारखी घरे उमटतात. छापील प्रतीत हा थर सपाट होतो, म्हणून मंठ्यातल्या माझ्या भिंतीवर तसली प्रत मी लावणार नाही. मूळ चित्र ज्याच्या घरी असेल, त्याने मात्र दिवाळीतही त्या भिंतीपुरती रोषणाई आवरावी; बाजूचा एक मंद दिवा पुरे.